उतारवयातील दुसरी मुळाक्षरे

मुळाक्षरे माणसाने आयुष्यात एकदाच, आणि तीही बालपणी, गिरवावयाची असतात अशी आपल्या समाजाची फार जुनी समजूत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांनी ही समजूत खोटी ठरविली. ज्यांनी जन्मात पाटी हाती धरली नाही त्यांना, आणि ज्यांनी ती धरून चांगली विद्या संपादन केली त्यांनाही, साठी उलटल्यावर एक नवी लिपी शिकणे प्राप्त झाले आहे. ही लिपी शाईने कागदावर उतरत नाही. ती बोटाने काचेवर उमटते. निवृत्तिवेतन, रेशन, सातबारा, पिकाची नोंद, उसाच्या बिलाची बँकेत जमा झालेली रक्कम, ह्या सर्वांच्या किल्ल्या आज ह्या लिपीच्या स्वाधीन झाल्या आहेत. ज्या म्हाताऱ्या माणसाजवळ पैसा आहे तो ही अडचण दुसऱ्याच्या श्रमाने निभावून नेतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याची मात्र हक्काची रक्कमही दुसऱ्याच्या मर्जीवर लटकून राहते. तेव्हा गरीब वृद्धांना ही विद्या कोणी, कोठे व कशी शिकवावी हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. तो स्वातंत्र्याचा झाला आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करिताना पूर्वेतिहासाकडे वळून पाहणे हितावह आहे; कारण नवी विद्या प्रौढांच्या गळी उतरविण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. त्यांतील कित्येक प्रयत्न कृष्णाकाठच्या पलूस गावाच्या आसपासच झालेले आहेत, म्हणून तेथूनच आरंभ करू.

पलूस हे पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले गाव. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि पुढे पलूस हेच तालुक्याचे ठिकाण बनले. गाव इंग्रजी मुलुखात होते. परंतु शेजारचे कुंडल औंध संस्थानाचे एक तालुक्याचे ठाणे होते. ह्याच कुंडलच्या माळावर, औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली आपला कारखाना वसविला. आजची किर्लोस्करवाडी ती हीच.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत आपल्या प्रश्नास फार लागू पडणारी आहे. हा नांगर प्रथम तयार झाला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा त्यांचा समज होता. तो समज केवळ खुळेपणाचा म्हणून हसण्याजोगा नव्हे. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर अवलंबून आहे, तो अनोळखी वस्तूवर सहजी भरवसा ठेवीत नाही. आणि ते शहाणपणाचेच असते. नांगर खपू लागला तो पांडित्यपूर्ण भाषणांनी नव्हे. एका शेतात तो चालताना शेजारच्या शेतकऱ्याने पाहिला, त्याची नांगरट आपल्या हाताने चाचपली, आणि पुढच्या साली स्वतः विकत घेतला. पोक्त माणूस नवी वस्तू शिकतो ती आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाच्या हाती ती यशस्वी झालेली पाहून. पुढील सर्व इतिहास ह्या नियमाची साक्ष देतो.

ह्याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली. एका लहानशा कारखानदारी वसाहतीतून महाराष्ट्रभर वाचनाची आवड पसरावी ही गोष्ट कौतुकाची खरी. परंतु ती मासिके ज्या घरांत गेली त्या घरांत अक्षरओळख आधीच होती. वाडीपासून हाकेच्या अंतरावरील शिवारात खपणाऱ्या मजुराला छापील पान आणि कोरे पान सारखेच होते. १९३९ साली औंधच्या राजाने गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला, आणि १९४३ ते १९४६ ह्या काळात कुंडलच्याच परिसरात नाना पाटील व त्यांचे सहकारी यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडा केला. दोन्ही प्रयोगांचे मर्म एकच: कारभार आपल्या हाती घ्यावयाचा तर त्याचा कागद आपल्यास वाचता आला पाहिजे. कुळकर्ण्याच्या दप्तरापुढे अंगठा टेकणाऱ्या शेतकऱ्याची दैना जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात १८८३ सालीच मांडली होती. आणि तिच्यावरील उपाय म्हणून १८५५ सालीच त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालविली होती. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांची आपल्याकडील शाळा म्हणून तिचे स्मरण अवश्य ठेविले पाहिजे.

आता ग्रंथालयांकडे वळू. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा रत्नागिरी येथे १८२८ साली सुरू होते. अहमदनगर, नाशिक, पुणे ही शहरे तिच्या मागोमाग आली. आरंभी ही वाचनालये वर्गणीदारांची, म्हणजे सुशिक्षितांची होती. निरक्षर माणसाचा ग्रंथालयाशी काही संबंध असू शकतो हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे मोठे श्रेय बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांस दिले पाहिजे. त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणविले. फिरत्या पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके धाडिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रंथालय खात्यातच चित्रांच्या द्वारे शिक्षण देणारी एक शाखा त्यांनी उघडिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दिव्याची चित्रे व चलच्चित्रे गावोगाव फुकट दाखविली जात. ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तकांचे कपाट, पडद्याशी त्याचे काय नाते, असे जे आज विचारतात त्यांना बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेविले आहे. मुंबईत १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनेही गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये एकमेकांच्या जोडीने चालविली.

पलूसपासून फार लांब नसलेल्या करवीर राज्याने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातील तशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. त्याच्या आश्रयाने अ, ब, क, ड अशा वर्गांची हजारो मान्यताप्राप्त वाचनालये आज राज्यात उभी आहेत. कृष्णाकाठचा हा मुलूख ह्या बाबतीत मागे नाही. भिलवडीच्या सार्वजनिक वाचनालयाचे नाव सर्वश्रुत आहे, आणि जवळच्या औदुंबरास दर संक्रांतीला साहित्यसंमेलन भरविण्याची परंपराही जुनी आहे. तात्पर्य, जागा आहे, परंपरा आहे. प्रश्न तिचा उपयोग कोणासाठी करावयाचा हा आहे.

प्रौढ साक्षरतेच्या मोहिमांचा इतिहासही ह्याच मुलुखाशी निगडित आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि १९६१ पासून, देवराष्ट्राचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ती राज्यभर पसरली. गावाने एकदिलाने निरक्षरता घालविण्याची प्रतिज्ञा करावी, शिक्षक, विद्यार्थी व शिकलेसवरलेले गावकरी यांनी काही महिने रात्री वर्ग चालवावे, आणि शेवटी ग्रामगौरव समारंभ करून गाव साक्षर झाल्याचे जाहीर करावे, अशी तिची रीत होती. उत्साह दांडगा होता, आणि यशही थोडेथोडके नव्हते. परंतु जाणत्यांना लवकरच एक वैगुण्य दिसू लागले. समारंभाचे तोरण सुकले की वर्गही सुकत. आणि नुकती ओळख झालेली अक्षरे वाचनाच्या अभावी पुन्हा पुसली जात. नवसाक्षरांपर्यंत फिरती ग्रंथालये नेण्याची धडपड झाली ती ह्याच कारणाने. विद्या शिकविण्यास चार महिने पुरतात. ती टिकविण्यास मात्र कायमची जागा लागते, हा त्या मोहिमेचा सर्वांत मोलाचा धडा होय.

पुढील मोहिमांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. त्यांनी वयाची रेघ ओढली. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम १५ ते ३५ वर्षांच्या माणसांसाठी होता. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही तीच मर्यादा धरिली. २०१७ साली ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांत प्रत्येकी एका माणसास संगणक व मोबाइल यांचा वापर शिकविण्यासाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघाले. वीस तासांचे ते शिक्षण १४ ते ६० वर्षे वयाच्यांसाठी होते, आणि मार्च २०२४ मध्ये ते समाप्त झाले. ह्या रेघांचा एकत्रित परिणाम काय झाला हे समजण्यास थोडे गणित पुरे आहे. पलूस परिसरात १९४२ साली जन्मलेली, शेतमजुरी करणारी एखादी स्त्री कल्पावी. ग्रामशिक्षण मोहीम तिच्या गावी पोहोचली असेल तेव्हा ती विशीच्या घरात, म्हणजे संसार व पोरेबाळे यांच्या धबडग्यात. १९७८ मध्ये तिचे वय ३६. एका वर्षाने ती बाहेर. १९८८ मध्ये ४६, पुन्हा बाहेर. २०१७ मध्ये ७५, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांचा हिशेब समंजसच होता. द्रव्य थोडे, तेव्हा जे तरुण अधिक वर्षे उपयोगी पडतील त्यांवर ते आधी खर्चावे. परंतु तोच समंजस हिशेब तीनदा केल्याने एकाच पिढीवर तीनदा दार लागले. २०२२ पासून चालू झालेल्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाने १५ वर्षांवरील सर्वांना प्रवेश दिला, वरची मर्यादा काढून टाकिली, आणि अक्षरांबरोबर डिजिटल व्यवहारांचे ज्ञानही त्यात गोविले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा झाली. आपल्या कल्पनेतील बाईस हे दार उघडले तेव्हा तिने ऐंशी गाठली होती.

यंत्र गावात आणले म्हणजे विद्या आपोआप येते असे मानणाऱ्यांनी वारणेचा दाखला पाहावा. तात्यासाहेब कोरे यांनी उभारिलेल्या वारणेच्या सहकारी संस्थांच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत, १९९८ साली संगणक बसविण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्या काळी सबंध देशात त्याची वाखाणणी झाली. पीकभाव, शेतीची माहिती, शिक्षण असे अनेक हेतू त्यामागे होते. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाची नोंद, तोडणीच्या चिठ्ठ्या, खतांचा हिशेब ह्या कारखान्याच्या कामांसाठीच झाला. आणि शेतकरी यंत्राच्या अलीकडे उभा राहून पलीकडच्या चालकास विचारीत असे. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील संदेशांनी तीच माहिती मिळण्याची सोय केली. तेव्हा शेतकऱ्यास चालकाची व केंद्राच्या वेळेची गरज उरली नाही. तो आपल्या सवडीने आपल्या हाताने विचारू लागला. कुळकर्ण्याच्या दप्तरापासून संगणकाच्या केंद्रापर्यंत शंभर वर्षे गेली, तरी मध्यस्थाची खुर्ची जागची हलली नव्हती. ती हलली ती साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या मुठीत आले तेव्हा.

आज ही खुर्ची पुन्हा मांडली गेली आहे, आणि बहुधा तीवर घरचा नातूच बसलेला असतो. २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने पिकाची नोंद आपल्या मोबाइलवरून स्वतः करावी अशी ई-पीक पाहणी राज्यभर आली. निवृत्तिवेतनधारकाने हयातीचा दाखला घरबसल्या द्यावा अशी सोय २०१४ पासून झाली. ह्या सर्व सुधारणा मुळात चांगल्या आहेत. तलाठ्याच्या दारी दहा खेपा घालण्यापेक्षा एका बोटाचे काम केव्हाही बरे. परंतु ते बोट कोणाचे? नातू पुण्यास नोकरीला गेला, सुनेला सवड नाही, शेजाऱ्याला आपला गुप्त क्रमांक सांगावा तर भीती; अशा स्थितीत सुधारणा ही नवी परावलंबिता होऊन बसते. एके काळी अंगठा हे निरक्षराचे लक्षण होते, आणि सही करू लागलेला माणूस अभिमानाने ताठ चाले. आता यंत्र शिकल्यासवरल्याचाही अंगठाच मागते. आणि जन्मभर ऊस तोडून, खुरपे धरून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा कित्येकदा ओळखत नाही. श्रमाची खूण हीच ओळखीस आड यावी, ह्याहून विपरीत काय असू शकते?

ह्यात फसवणुकीची भर पडली आहे. बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी विचारणे, पोलीस असल्याचा बहाणा करून ‘डिजिटल अटक’ झाल्याची धमकी देणे, ह्या नव्या दरोडेखोरीचे भक्ष्य प्रामुख्याने वृद्ध असतात. कारण अधिकाऱ्याचा शब्द मानावयाचा ह्या संस्कारात ते वाढलेले आहेत. पैसे येताना आपला गुप्त पिन कधीही घालावा लागत नाही, तो लागतो पैसे देताना, एवढे एकच वाक्य ज्याच्या मनात पक्के बसले तो पुष्कळशा फसवणुकीतून वाचेल. पण ते वाक्य त्याला सांगावे कोणी?

वृद्धांना हे शिकणे जमत नाही असा एक आक्षेप आहे. त्याला उत्तर देण्यास ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे हे गाव समर्थ आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर ह्या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा निघाली. साठी-सत्तरी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तीत जाऊ लागल्या. मोठे उदाहरण केरळचे. तेथे १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांनी ग्रंथालयांचा संघ उभारिला, आणि साक्षरतेची चळवळ त्याच गावोगावच्या वाचनालयांच्या मुळांवर पोसली. त्या राज्याने २१ ऑगस्ट २०२५ रोजी आपण संपूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचे घोषित केले. स्वयंसेवक घरोघर, रोजगार हमीच्या कामांवर, बचत गटांच्या बैठकींत गेले. वयाची वरची रेघ त्यांनी ओढली नाही, आणि शंभरी ओलांडलेले शिष्यही त्यांना मिळाले. घोषणेच्या अंगी थोडी अतिशयोक्ती असणारच. तरी वय हे कारण म्हणून पुढे करण्याची सोय आता कोणास राहिली नाही.

मग हे काम वाचनालयानेच का करावे? शाळा मुलांची आहे. म्हाताऱ्यास तेथील बाकावर बसण्याची लाज वाटते. सेवाकेंद्र काम करून देते, शिकवीत नाही, आणि ते त्याचे कर्तव्यही नव्हे. बँकेत रांग असते. वाचनालयात मात्र वृद्ध आधीपासूनच येऊन बसतो. वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्या माणसास कोणी वय विचारीत नाही, परीक्षा घेत नाही, आणि तो उद्या पुन्हा आला तर नवल करीत नाही. हा शेवटचा गुण सर्वांत मोठा; कारण उतारवयात विद्या एका दिवसात येत नाही, ती विसरून पुन्हा विचारावी लागते. ग्रामशिक्षण मोहिमेस जी कायमची जागा हवी होती ती हीच.

अडचणी नाहीत असे नव्हे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचा एकटा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करितो. त्याच्या माथी आणखी एक ओझे नुसते फर्मानाने लादणे अन्यायाचे होईल. पुष्कळ वाचनालयांची पायरी गावातील स्त्रिया, विशेषतः मजूर स्त्रिया, चढत नाहीत. त्यांच्यासाठी दुपारची निराळी वेळ आणि शिकविणारी स्त्रीच असावी लागेल. म्हणून अनुदानात ह्या कामाची निराळी तरतूद झाली पाहिजे, आणि जवळच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन प्रहर तरी दिले पाहिजेत. धडे थोडे असावेत, पण माणसाच्या स्वतःच्याच मोबाइलवर आणि त्याच्या स्वतःच्याच कामाने द्यावेत: बँकेचा संदेश वाचणे, नातवाचे तोंड पडद्यावर पाहणे, आपला सातबारा काढणे, शेताच्या बांधावरून पीक नोंदविणे, पुराच्या दिवसांत पाण्याची खरी बातमी कोठे पाहावी हे जाणणे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ह्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ, भिलवडी ह्या गावांनी जे सोसले ते स्मरणात असलेल्यांना शेवटच्या धड्याचे महत्त्व सांगावयास नको. शिकविणाऱ्याने एकच नियम पाळावा: शिकणाऱ्याचा मोबाइल आपल्या हाती घेऊ नये. तो घेतला की काम लवकर होते, आणि विद्या तेथेच राहते. शिकलेल्या पहिल्या दहा वृद्धांनी पुढच्या दहांस शिकवावे. लोखंडी नांगर ह्याच वाटेने शेतात शिरला होता.

ही पिढी काही वर्षांत सरेल, मग हा प्रश्न आपोआप मिटेल, असेही कोणी म्हणतात. ह्यातील निर्दयपणा बाजूस ठेविला तरी हे म्हणणे चुकीचे आहे. साधने बदलण्याचा वेग असा आहे की आज ज्याच्या बोटांवर हा पडदा नाचतो, त्यालाही पंचवीस वर्षांनी एखादी तिसरी लिपी शिकावी लागेल, आणि तेव्हा तोही साठीत असेल. ज्या समाजाने म्हाताऱ्यांना शिकविण्याची रीत बसविली नाही, त्यातील प्रत्येक तरुण आपल्या म्हातारपणाच्या परावलंबनाची तजवीज आजच करून ठेवीत आहे. वयाची रेघ ओढताना ती आपल्या पलीकडे ओढली जाते असा भास होतो. परंतु काळ माणसाला चालवीत चालवीत एक दिवस तिच्या पलीकडे नेऊन उभा करितोच. गावच्या वाचनालयाचे दार ह्या रेघेच्या दोन्ही बाजूंस उघडे ठेवणे म्हणूनच परोपकार नव्हे. ते आपले सर्वांचे सामायिक हित आहे.